ओढतो किती, हे विचारू नका!

वसुबारस उजाडली की आमच्या कृष्णाकाठी दोन घाणे थोड्या मागेपुढे सुरू होतात. एक घरातला, चकल्यांचा. दुसरा साखर कारखान्यातला. बॉयलरचे अग्निप्रदीपन होते, गव्हाणीत मोळी टाकली जाते, फोटो निघतात, आणि मग पुढचे चार-पाच महिने रस्ता माणसांचा राहत नाही; तो उसाच्या ट्रॉल्यांचा होतो. याच सुमारास माझ्या ओसरीवरही वर्दळ सुरू होते. ती फराळासाठी नसते. मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत डिझेल मेकॅनिकच्या वर्गाचा शिल्प निदेशक होतो. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, तरी माझ्या हाताखालून गेलेली पोरे, आणि आता तर त्यांचीही पोरे, पाडव्याच्या अर्ध्या मुहूर्तावर ट्रॅक्टर घ्यायचा म्हणजे आधी मला विचारायला येतात. येतात, मान देतात, आणि दरवर्षी एकच प्रश्न विचारतात.

"सर, ओढंल का दोन ट्रॉल्या?"

या प्रश्नाविरुद्ध माझी तक्रार आहे. ती गेली कित्येक वर्षे मी तोंडी करीत आलो; यंदा लेखी करतो. तुम्ही म्हणाल, दिवाळीच्या अंकात गोडधोड सोडून हे वंगणाचे डबे कशाला उघडता? पण हा अंक तुम्ही ज्या घरात बसून वाचता त्या घरातले कोणीतरी भाऊबिजेला मोटारसायकलवरून बहिणीच्या गावाला जाणार आहे, आणि वाटेत त्याला या ट्रॉल्या भेटणार आहेत. तेव्हा विषय घरचाच आहे.

प्रथम या 'एच.पी.'चा समाचार घेऊ, कारण सगळी भूल तेथून पडते. पंचेचाळीसचा घेऊ की पंचावन्नचा, असे पोरगा विचारतो, तेव्हा तो जणू तालमीतल्या पैलवानाचे वजन विचारीत असतो. ही अश्वशक्ती जेम्स वॉटने जन्माला घातली ती वाफेची यंत्रे खपवण्यासाठी. घोड्यांवर गिरणी चालवणाऱ्याला 'माझे यंत्र तुझ्या किती घोड्यांचे काम करील' हे सांगायला त्याला एक माप हवे होते. मिनिटाला तेहतीस हजार पौंड एक फूट उचलणे म्हणजे एक घोडा, असे त्याने ठरवले. मेट्रिक हिशोबात पंचाहत्तर किलो वजन सेकंदाला एक मीटर उचलणे. म्हणजे जन्मापासूनच हे विक्रेत्याचे माप आहे. त्यात खोटे काही नाही. पण ते काय सांगते आणि काय सांगत नाही, हे घेणाऱ्याने समजून घ्यावे. ते फक्त काम किती वेगाने होईल हे सांगते. शिवाय इंजिनाच्या दांड्यावर जे घोडे असतात ते सगळे मागच्या हुकापर्यंत पोचत नाहीत. काही गिअरपेटीत गळतात, आणि उरलेल्यांतले काही चाक मातीत घसरते तेथे. कागदावरचा पंचावन्न हुकावर पंचावन्न कधीच नसतो.

डिझेल इंजिन ओढीला चांगले, हे मात्र अगदी खरे. रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली आऊग्सबुर्गला पहिले चालते इंजिन दाखवले, त्यातली युक्ती अजून तीच आहे. नुसती हवा सोळा ते वीस पट दाबायची, ती इतकी तापते की वरून तेल फवारले की ठिणगीवाचून पेट घेते. असे इंजिन कमी फेऱ्यांत मोठा पीळ देते, आणि पीळ, ज्याला पोरे टॉर्क म्हणतात, तोच जड ओझे जागचे हलवतो. स्पॅनरला लांब पाईप लावून गंजलेला नट फिरवणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. पण याच डिझेलची दुसरी बाजू कोणी सांगत नाही. पेट्रोलच्या गाडीत पाय उचलला की हवेची वाट बंद होते, इंजिन श्वास कोंडल्यासारखे होऊन गाडीला मागे धरते. डिझेलला हवेची ती झडप नसते. पाय उचलला तरी ते मोकळा श्वास घेतच राहते. म्हणून उतारावर डिझेल तितके आवरून धरीत नाही. मोठ्या ट्रकांना यासाठी धुराच्या वाटेवर वेगळा ब्रेक देतात. शेतीच्या ट्रॅक्टरला तो सहसा नसतो. जोरदार ओढणारे आणि सैल धरणारे, असे हे जनावर आहे.

विक्रेत्याच्या शब्दावर यंत्र घेण्याची गोष्ट काही आपल्यापुरती नाही. अमेरिकेत नेब्रास्का राज्यात विल्मॉट क्रोझियर नावाचा एक शेतकरी होता. त्याने 'फोर्ड' नाव पाहून ट्रॅक्टर घेतला. तो हेन्री फोर्डचा नव्हताच. मिनियापोलिसच्या एका कंपनीने फोर्ड आडनावाचा एक माणूस हाताशी धरून ते नाव लावले होते. ट्रॅक्टर निकामी निघाला. दुसऱ्या कंपनीचा घेतला, तोही तसाच. आपला शेतकरी असता तर कपाळाला हात लावून सावकाराकडे गेला असता. क्रोझियर विधिमंडळात निवडून गेला आणि १९१९ साली त्याने कायदा करून घेतला: विद्यापीठाने तपासल्याशिवाय आमच्या राज्यात एकही ट्रॅक्टर विकायचा नाही. लिंकन गावच्या विद्यापीठात १९२० साली तपासण्या सुरू झाल्या, आणि 'इतके घोडे', 'तितके घोडे' म्हणणाऱ्यांना हुकाला ओझे बांधून ते सिद्ध करावे लागले. त्या तपासण्या आजही चालू आहेत. फसवला गेलेला गिऱ्हाईक चिडून बसण्याऐवजी मोजमाप मागू लागला, हे मला त्या गोष्टीत फार आवडते.

पण शंभर वर्षे उलटली तरी हौस जात नाही. माझा एक भाचा टेक्सासला असतो. त्याला चाकांवरचे घर मागे जोडून हिंडायचे होते, म्हणून तो डिझेलची पिकअप गाडी पाहू लागला आणि मला फोनवर आकडे ऐकवू लागला. रॅम कंपनीने २०१९ साली हजार पौंड-फूट पिळाची मजल गाठली, फोर्डने २०२३ पर्यंत बाराशेची. मामा, डोंगर ओढील! मी म्हटले, बाळा, दाराच्या चौकटीवर एक पट्टी चिकटवलेली असते, ती वाच. त्या पट्टीवर गाडीच्या पाठीवर किती वजन चालेल ते लिहिलेले असते. माणसे, सामान, आणि मागच्या घराचा जो भार हुकावर पडतो तो, सगळे धरून. मागे साडेचार हजार किलोचे घर लावले तर त्याचा दहा ते पंधरा टक्के भार, म्हणजे साडेचारशे ते पावणेसातशे किलो, हुकावर बसतो. बसला नाही तर घर शेपटीसारखे हलू लागते. म्हणजे ओढण्याची मर्यादा दूरच राहते आणि पाठीची मर्यादा आधी संपते. त्याने पट्टी वाचली आणि त्याचा आवाज जरा खाली आला.

त्या देशातही पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या मनाने ओढीचा आकडा छापीत असे. २००८ साली तिथल्या अभियंत्यांच्या संस्थेने सर्वांसाठी एक कसोटी ठरवली. ॲरिझोनात डेव्हिस धरणाजवळ सुमारे अठरा किलोमीटरचा एक चढ आहे; भरल्या ओझ्यासह, भर उन्हात, थंड हवेचे यंत्र पूर्ण चालू ठेवून, ठरलेल्या वेगाच्या खाली न येता तो चढ चढायचा. आणि पुढे ऐका: त्याच कसोटीत ठरलेल्या अंतरात थांबूनही दाखवायचे, आणि हात-ब्रेकवर उतारावर उभेही राहायचे. कसोटी आली तेव्हा काहींचे छापलेले आकडे खाली आले. भाच्याच्या गाडीत स्टिअरिंगजवळच एक बटण आहे, त्याने मागच्या ट्रॉलीचे ब्रेक वेगळे लावता येतात. आणि ट्रॉलीपासून गाडीपर्यंत एक बारीक तार आहे. हुक तुटून ट्रॉली सुटलीच, तर ती तार ओढली जाऊन ट्रॉलीचे ब्रेक आपोआप लागतात. मला हे सांगताना त्याला काहीच वाटले नाही. मी मात्र त्या रात्री बराच वेळ जागा होतो. आमच्याकडे हुकाची पिन पडू नये म्हणून तिला सुतळी बांधतात.

आता कोणी म्हणेल, अमेरिकेच्या गोष्टी सांगू नका, इथे काय आहे ते बोला. बोलतो. इथे मध्य प्रदेशात बुधनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणारी संस्था आहे. तेथे ट्रॅक्टरची हुकावरची ओढ मोजतात, ब्रेक तपासतात, अहवाल काढतात. ट्रॅक्टर घ्यायला निघालेल्या किती जणांनी तो अहवाल मागितला? माझ्या ओसरीवर आलेल्यांपैकी, मोजून सांगतो, तिघांनी. आणि त्यांतला एक बँकेत नोकरीला होता. बाकीचे कशावर निवडतात? मोबाईलमध्ये टोचनची चित्रे पाहतात. दोन ट्रॅक्टर पाठीला पाठ लावून साखळीने बांधायचे आणि कोण कोणाला फरफटत नेतो ते पाहायचे. पुढची चाके उचलली जातात, धूर निघतो, खाली शिट्ट्या वाजतात. रेड्यांच्या टकरीत तरी रेड्यांचा काही विचार असतो.

बरे, आपण गणित करू. गणिताला भिऊ नका. किराणा दुकानातल्या हिशोबापेक्षा सोपे आहे. ट्रॅक्टर आणि उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या मिळून वीस टन धरा. कारखान्याच्या काट्यावर उभे राहून ज्याने खेपा पाहिल्या आहेत तो मला अतिशयोक्तीचा दोष देणार नाही. या वीस टनांत ट्रॅक्टर दोन टनांचा. त्याचे ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना, आणि त्या चाकांवर त्याच्या वजनाचा जेमतेम सव्वा टन. ट्रॉल्या चारचाकी असतील तर त्या आपले ओझे आपल्याच चाकांवर ठेवतात, ट्रॅक्टरला त्यातले काही देत नाहीत. आता चाक कितीही आवळा, रस्ता त्याला जितके धरील तितकेच ते थांबवणार. कोरड्या डांबरावर फार तर वजनाच्या पाऊण पट, म्हणजे एक टनाच्या आतच. ही झाली थांबवणारी ताकद. आता रस्ता वीस फुटांत एक फूट उतरता घ्या. असा उतार तुम्हाला चालताना जाणवतसुद्धा नाही. वीस टनांना त्या उताराची ओढ किती? एक टन. झाले! थांबवणारा एक टनाच्या आत, ढकलणारा एक टन. चाकांचे आपले अंगचे घर्षण असते म्हणून कसेबसे निभावते. पण रस्त्यावर पाचट पडलेले असेल, शेतातून आलेला ओला चिखल असेल, बारीक खडी असेल, तर चाकाची पकड निम्मी होते, आणि मग ती गाडी थांबत नाही. चालकाने शिवी दिली तरी थांबत नाही, देवाचे नाव घेतले तरी थांबत नाही. पंचावन्नचा इंजिन घेतला म्हणून यात तसूभरही फरक पडत नाही. पडलाच तर वाईट दिशेने पडतो. कारण जो पंचेचाळीसवर पंधराच्या वेगाने जात होता तो आता तीसने जातो, आणि वेग दुप्पट म्हणजे थांबवायचे काम चौपट.

उपाय काय, तर ज्याचे ओझे त्याने धरावे. ट्रॉलीच्या चाकांना ट्रॉलीचा ब्रेक. वीस टनांतले अठरा ज्या चाकांवर आहेत ती चाके मोकळी सोडून दोन टनांच्या जनावराने सगळे आवरावे, ही अपेक्षा माझ्या वडिलांनी बैलांकडूनसुद्धा केली नसती. ते बैल घेताना दात पाहत, खूर पाहत, आणि मग विकणाऱ्याला म्हणत, जरा भरल्या गाडीला जुंपून त्या ओढ्याच्या उतारावरून आण. चढावरून आण, असे म्हटलेले मला आठवत नाही. उतारावर जो बैल मान ताठ करून जू धरीत नाही तो त्यांनी कधी घेतला नाही, मग तो दिसायला नंदी का असेना. त्यांची शाळा चौथीपर्यंत झाली होती.

चालकांच्या खोडीही सांगतो, कारण त्या मी वर्गात कान धरून सांगितल्या आहेत. ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पायपट्टे असतात, डावीकडच्या आणि उजवीकडच्या चाकाला वेगवेगळी. शेताच्या कोपऱ्यात चटकन वळायला ती सोय. रस्त्यावर येताना ती दोन्ही खटक्याने जोडायची. जोडली नाहीत आणि घाईत एकावरच पाय पडला, तर ट्रॅक्टर गर्रकन फिरतो आणि मागच्या ट्रॉल्या त्याच्या अंगावर येतात. दुसरी खोड, उतार लागला की न्यूट्रल. थेंबभर डिझेल वाचते म्हणून इंजिनाने जेवढे धरले असते तेवढेही सोडून द्यायचे! ज्या गिअरमध्ये चढ चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, हे वाक्य मी फळ्यावर इतक्या वेळा लिहिले की फळ्याला पाठ झाले असेल. तिसरी म्हणजे साखळी वर बांधणे. फडात चाक रुतले की साखळी मागच्या धुऱ्याच्या वर कुठेतरी अडकवतात आणि क्लच सोडतात. ओढ धुऱ्याच्या वर असली की ट्रॅक्टर पुढून उठतो आणि चालकाला खाली घेऊन मागे उलटतो. हुक धुऱ्याच्या खालीच का दिला आहे, याचा विचार कोणी करीत नाही. उलट पुढचे उठू नये म्हणून बॉनेटवर दोन पोरे बसवतात. माणसाचे वजन स्वस्त पडते ना!

हे सगळे दिवसाचे झाले. रात्र वेगळी आहे. एक्सल मोडलेली ट्रॉली रस्त्यातच सोडून ट्रॅक्टर पुढे निघून जातो. मागे लाल दिवा नाही, चकाकणारी पट्टी नाही. असलीच तर उसाच्या लोंबत्या वाढ्यांखाली झाकलेली. खूण म्हणून चार दगड मांडतात, आणि ट्रॉली नेल्यावर ते दगडही तसेच ठेवून जातात. आमच्या गल्लीतला एक मुलगा, माझ्याच वर्गातला, पहिली पाळी संपवून नव्हे, रात्रीची दुसरी संपवून घरी येत होता. समोरून येणाऱ्या गाडीच्या उजेडाने डोळे दिपले, आणि पुढे उभ्या असलेल्या ट्रॉलीत तो शिरला. उसाच्या बाहेर आलेल्या टोकांत. मी त्याहून अधिक लिहीत नाही. त्याची आई हा अंक वाचते. एवढेच सांगतो की १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत रिफ्लेक्टर कसे लावायचे ते लिहून ठेवले आहे, आणि त्या मुलाचा जन्म त्यानंतरचा होता.

या प्रसंगानंतर मी आमच्या भागातल्या एका कारखान्याला पत्र लिहिले. साधी विनंती होती: ज्या ट्रॉलीला चालता ब्रेक, मागे दिवा आणि दिसेल अशी पट्टी नाही, तिला पुढच्या खेपेची चिठ्ठी देऊ नये. तीन आठवड्यांनी उत्तर आले. वाहतूक ही ठेकेदाराची बाब असून कारखान्याचा वाहनाच्या स्थितीशी संबंध येत नाही.

संबंध येत नाही! अहो, कोणत्या फडावर कोणती टोळी जायची ते कारखाना ठरवतो. वाहतूकदाराशी करार कारखाना करतो. २००९ पासून उसाला केंद्राचा रास्त आणि किफायतशीर दर आहे. त्यातून तोडणी आणि वाहतुकीचा खर्च कापून घेऊन उरलेले पैसे शेतकऱ्याच्या हाती देतो तो कारखानाच. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, काटा! या देशात जास्त ओझे भरून रस्त्यावर फिरणाऱ्या गाड्या हजारो असतील, पण त्यांना पकडायचे म्हणजे कोणीतरी अधिकारी चौकात उभा राहून वजन करायला हवे. उसाची ट्रॉली मात्र स्वतःच्या चाकांनी काट्यावर येते. भरलेली एकदा, रिकामी एकदा. तारीख, वेळ, गाडीचा क्रमांक, वजन, सगळे छापून निघते. प्रत्येक जादा खेपेचा पुरावा, कारखान्याच्याच कागदावर, दर हंगामाला गोदामात साठतो. (त्या काट्याच्या खरेपणाबद्दल शेतकऱ्यांचे जे म्हणणे आहे ते निराळे प्रकरण, त्यासाठी संपादकांनी मला दुसरा अंक द्यावा.) ज्याच्या हातात काटा त्याला वजन माहीत नाही, हे मी कसे मानू?

वाहतूकदाराची बाजू मला ठाऊक नाही असे समजू नका. ती फार खडतर आहे. ट्रॅक्टरचा हप्ता आहे. टोळी आणायची तर उन्हाळ्यातच मुकादमाला उचल द्यावी लागते, लाखांच्या घरात. कित्येक मुकादम ती उचल घेऊन हंगामाला येतच नाहीत. एक तर दोन कारखान्यांची उचल घेऊन तिसऱ्याच जिल्ह्यात सापडला. पैसे मिळतात ते टनावर. दारात काट्यापाशी रांग लागली की दिवसाची दुसरी खेप बुडते. तुटलेला ऊस उन्हात वाळून वजनाला उतरतो, म्हणून शेतकरीही मागे लागलेला. अशा माणसाला एक खेप कमी भर म्हणणे म्हणजे उपाशी माणसाला सावकाश जेव म्हणण्यासारखे आहे. हे मी मान्य करतो. पण टनावर पैसे हा नियम वरून पडला नाही, माणसांनी केला. टनाला एक मर्यादा घालून तिच्यापुढच्या टनाला वाहतुकीचा एक पैसा देऊ नका, आणि मर्यादेच्या आतल्या खेपेचा दर थोडा वाढवा. दोन हंगामांत ट्रॉल्या आपोआप हलक्या होतील. एकाच वाहतूकदाराने हे केले तर तो बुडेल. म्हणून ते कारखान्याने करायचे. १९५० साली प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटलांनी आणि धनंजयराव गाडगीळांनी शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना उभा केला, तेव्हा एकट्याने जे जमत नाही ते सर्वांनी मिळून करायचे, याच बोलीवर केला होता. ब्रेकचे कामही त्याच जातीचे आहे.

'खर्च कोठून आणायचा?' हा शेवटचा आक्षेप. यावर मला हसू येते आणि रागही येतो. ट्रॅक्टरच्या छपराखाली गाण्याच्या ज्या पेट्या बसवतात, त्यांच्या धक्क्याने माझ्या कपाटातले चष्मे हलतात, त्या फुकट येतात काय? रंगीत दिवे पुढे सोळा आणि मागे एकही लाल नाही! 'आईचा आशीर्वाद' हे चार रंगांत लिहून घ्यायला पेंटरला पैसे देतात, आणि आईचा आशीर्वाद ज्यावर चालतो ते ब्रेकचे लायनर तीन हंगाम बदलत नाहीत. आणि त्या गाण्यात चालकाला मागच्या गाडीचा भोंगा ऐकू येत नाही, ट्रॉलीमागे लटकून ऊस ओढणाऱ्या शाळकरी पोरांच्या आरोळ्याही येत नाहीत. ही पोरे तुमची-आमचीच. रस्त्यावरून चाललेल्या ट्रॉलीतला ऊस ओढणे आपण खोडकरपणा समजून हसण्यावारी नेतो. या सुट्टीत जरा नेऊ नका.

आता घरातल्या बायकांशी बोलतो, कारण पुरुषांशी बोलून मी थकलो. पाडव्याला नवा ट्रॅक्टर दारात येईल. झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू, समोर नारळ. तुम्ही तबक घेऊन उंबऱ्यावर याल. त्यापूर्वी, म्हणजे पैसे देण्यापूर्वीच, चार प्रश्न विचारा. तुमच्या प्रश्नाला टाळणे त्यांना जड जाईल. बुधनीचा अहवाल पाहिला का, आणि त्यात ब्रेकांविषयी काय लिहिले आहे? ज्या ट्रॉल्या मागे लावणार त्यांना स्वतःचे ब्रेक आहेत का, आणि ते ट्रॅक्टरवर बसून लावता येतात का? मागे लाल दिवा आणि पट्टी ऊस भरल्यावरही दिसते का? आणि घरून कारखान्यापर्यंतच्या वाटेवर सर्वांत मोठा उतार कोणता, त्या उतारावर दुकानदार भरलेली ट्रॉली लावून ट्रॅक्टर थांबवून दाखवील का? दुकानदार नाही म्हणाला तर दुसऱ्या दुकानात जा. दुकाने पुष्कळ आहेत. पाडव्याला तर सगळीच उघडी असतात.

एक ट्रॉली लावायची की दोन, हे या चार उत्तरांवरून ठरवा. बहुतेक ठिकाणी एकच लावावी लागेल, आणि मग पंचेचाळीसचाही पुरून उरेल. उरलेल्या पैशांत ब्रेक आणि दिवे बसतात. हा हिशोब मी गेल्या पाडव्याला माझ्या एका विद्यार्थ्याला कागदावर करून दिला. त्याने एकच ट्रॉली लावली. हंगामात त्याला किती मिळाले ते विचारलेत, तर दोन ट्रॉल्यांवाल्या शेजाऱ्यापेक्षा कमीच मिळाले, हे तो स्पष्ट सांगतो आणि मीही लपवत नाही. फरक किती पडला याचा कागद घेऊन यंदा आम्ही दोघे कारखान्यात जाणार आहोत, मोळी टाकण्याच्या आदल्या दिवशी. तेवढा फरक दरात द्या म्हणून मागणार आहोत. ज्यांना बरोबर यायचे त्यांनी आपापल्या काट्याच्या चिठ्ठ्या घेऊन यावे.

आणि ट्रॅक्टरचा रंग लाल घ्यावा की निळा, ते मला विचारू नका. ते पोरांना विचारा. त्यांचे ठरलेले असते.